पावसाळ्यानंतर राजदूत ३५० ला पहिली किक मारण्याआधी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाचा म्हापशाहून टेम्पोत घालून राजदूत घेऊन आला. पेडण्यातल्या जुन्या घरी, गोठ्याच्या पडवीत ती सहा वर्षं उभी होती. सहा पावसाळे, अंगावर एक फाटकी ताडपत्री. माझ्याकडे आणण्याआधी त्याने उत्साहाच्या भरात ती शहरातल्या एका गॅरेजला दिली होती. त्यांनी कार्बोरेटर तीनदा साफ केला, जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांचे तुकडे) बदलले, प्लग बदलले, पैसे घेतले. गाडी चालू होत होती, पण गरम झाली की आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग, आपोआप वर चढायचं आणि थ्रॉटल सोडला तरी खाली यायला तयार नसायचं.

"मामा, आता आणखी मोठा जेट घालूया का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

मी त्याला प्लगची कॅप काढायला लावली आणि किक मारायची नाही असं सांगितलं. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी आहे. गोव्यात जुन्या टू-स्ट्रोक अजून पुष्कळ घरांत आहेत. कुणाकडे आरएक्स १००, कुणाकडे येझदी, कुणाकडे वडिलांची राजदूत. पाऊस ओसरला की सगळ्यांना त्या बाहेर काढायच्या असतात, आणि दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुणाचा तरी पिस्टन जाम होतो. माझाही झाला होता, दोनदा. राजदूत ३५० ला दोन सिलिंडर, दोन पिस्टन; दोन्ही वेळा डावा. त्यातून जे शिकलो ते क्रमाने सांगतो. उदाहरण राजदूत ३५० चं आहे, कारण माझ्याकडे तीच आहे. पण यातला मुख्य भाग कुठल्याही टू-स्ट्रोकला लागू पडतो.

माझ्याबद्दल एवढंच की मी साखळीचा, धंद्याने टर्नर. मांडवीवर खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ते काम संपलं. तेव्हापासून घरामागच्या खोलीत छोटा लेथ आहे आणि दोन-स्ट्रोकचा संसार.

आधी हे समजून घ्या

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे ऑइलचं भांडं. टू-स्ट्रोकमध्ये तेच इंजिनचं फुप्फुस असतं. हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली उतरताना ते दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, उतरताना दाब तयार होतो. मिनिटाला हजारो वेळा हे चालतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या शाफ्टच्या, दोन टोकांना रबरी ऑइल सील असतात, ती ही जागा बाहेरच्या जगापासून बंद ठेवतात.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की सीलचं ओठ शाफ्टवर एकाच जागी टेकून राहतं आणि कडक होतं. आपल्या दमट हवेत शाफ्टवर त्याच जागी गंजाची बारीक रेघ उमटते. पहिल्या किकला ते ओठ त्या रेघेवर घासतं आणि फाटतं. बाहेरून काही दिसत नाही. पण आता इंजिन कार्बोरेटरखेरीज दुसऱ्या वाटेनेही हवा ओढू लागतं. त्या हवेबरोबर ना पेट्रोल येतं ना ऑइल. मिश्रण पातळ होतं, ज्वलन तापतं, पिस्टन फुगतो, त्याच वेळी त्याला ऑइलही कमी मिळतं. मग तो सिलिंडरला धरतो.

राजदूतमध्ये डावं आणि उजवं सील वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतात. डावीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे संपर्क) असतात, ती कोरडी बाजू. तिथलं सील गेलं की हवा आत येते. उजवीकडे क्लच आणि प्रायमरी गिअर असतात, तिथे ऑइल असतं. ते सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पिऊ लागतं, मागे पांढरा दाट धूर सुटतो आणि गिअर ऑइलची पातळी कुठे गळती न दिसता उतरते. उजव्याचा धूर सगळ्या वाड्याला दिसतो, म्हणून त्याच्यावर इलाज होतो. डावं सील गुपचूप मारतं.

माझं तसंच झालं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये बेळगावहून अनमोड घाटातून उतरत होतो. सकाळची थंड हवा, उतार, थ्रॉटल बंद, इंजिनवर गाडी रोखत मोल्याच्या दिशेने येत होतो. कर्र असा आवाज झाला, मागचं चाक आवळलं, गाडी आडवी झाली. कोपर आणि गुडघा सोलवटून निघाला. त्या वेळच्या मेकॅनिकने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कातून, ओव्हरसाइज पिस्टन बसवला आणि मेन जेट दोन नंबरांनी वाढवला. तीन महिन्यांत तोच डावा पिस्टन पुन्हा धरला. वाढवलेल्या जेटने उजवा प्लग काळा पडत होता (पेट्रोल जास्त) आणि डावा तरीही पांढराच होता (हवा जास्त). ही खूण मला तेव्हा वाचता आली नाही. दोन सिलिंडरांना एकच पेट्रोल, एकाच मापाचे जेट आणि प्लगचे रंग वेगळे असतील, तर दोष जेटमध्ये शोधू नये.

तेव्हापासून उतारावर आणि वेगात असताना माझी दोन बोटं क्लचवर असतात. टू-स्ट्रोकच्या जमान्यात ग्रां प्रीचे, म्हणजे मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींचे, स्वारही हेच करायचे. चाक आवळताच क्लच दाबला तर गाडी घरंगळत राहते आणि माणूस वाचतो.

बीपीच्या यंत्राने गळती तपासणं

आता मुख्य काम. याला प्रेशर टेस्ट म्हणतात. यासाठीची तयार यंत्रं मिळतात, पण माझ्याकडे वडिलांचं बीपी मोजायचं जुनं यंत्र आहे, गोल डायलचं, रबरी फुग्याचं. डॉक्टर घरी यायचे तेव्हा ते वापरायचे. वडील गेल्यावर ते कपाटात पडून होतं. एक दिवस डायल हातात घेतली आणि लक्षात आलं, याचा काटा ३०० पर्यंत जातो. पाऱ्याच्या २६० मिलिमीटरचा दाब म्हणजे पाच पीएसआय (चौरस इंचाला पाच पाउंड). टू-स्ट्रोकच्या क्रँककेसची चाचणी पाच-सहा पीएसआयलाच करतात. इतकं नेमकं साधन औषधाच्या दुकानात मिळतं.

दंडाला बांधायची पट्टी काढून ठेवा. फुगा, डायल आणि नळी एवढंच हवं.

बुचं चार लागतात. एक्झॉस्टच्या दोन तोंडांसाठी मी जाड रबराच्या चकत्या कापल्या, दोन्ही बाजूंना वॉशर लावले आणि मधून बोल्ट घातला. बूच तोंडात सरकवून नट आवळला की रबर आडवं फुगतं आणि घट्ट बसतं. इनटेकसाठी नायलॉनच्या दांड्यातून दोन बुचं कातली, कार्बोरेटरच्या तोंडाच्याच मापाची. कार्बोरेटर काढून त्या जागी रबरात ती घालायची आणि त्याच क्लिपा आवळायच्या. एका बुचाला मधून भोक पाडून पितळेचा निपल बसवलाय, नळी त्याला जोडायची. लेथ नसेल तर जवळचा कुठलाही टर्नर तासाभरात करून देईल. इनटेकचं रबर काढून थेट सिलिंडरवर बूच लावू नका, कारण ते रबरही तपासायचंय. आपल्याकडे उन्हाने आणि खाऱ्या हवेने ते आधी चिरतं.

चारही तोंडं एकाच वेळी बंद करायची. बरेच जण एका बाजूचा सिलिंडर वेगळा तपासायला जातात आणि गोंधळतात. राजदूतच्या दोन क्रँककेसच्या मध्ये रबरी सील नसतं, चक्रव्यूहासारख्या खाचांचं लॅबिरिंथ सील असतं. इंजिन वेगात फिरताना ते पुरतं, पण स्थिर दाब त्यातून हळूहळू पलीकडे जातोच. त्यामुळे एका बाजूने हवा भरली की दोन्ही बाजू भरतात. काटा सुरुवातीला थोडा उतरेल, तो पलीकडची बाजू भरतेय म्हणून. पुन्हा भरा आणि मग मोजायला लागा.

प्लग जागेवर कसलेले हवेत. इंजिन थंड हवं. टाकी काढून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ असलेल्या खोलीत देवासमोरचा दिवासुद्धा पेटता नको.

आधी आपलं साधनच गळत नाही ना ते पाहा. नळी चिमटीत दाबून फुगवा, काटा जागचा हलता कामा नये. मग इंजिनला जोडा आणि सावकाश २६० पर्यंत न्या. फुगा हाताचाच वापरा. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर लावलात तर चांगली सीलसुद्धा जागेवरून बाहेर फेकली जातील.

आता घड्याळ. एका मिनिटात काटा ५० पेक्षा जास्त उतरू नये, म्हणजे सुमारे एक पीएसआय. माझ्या गाडीचा दहाच्या आसपास उतरतो. भाच्याच्या गाडीचा काटा पंधरा सेकंदांत २६० वरून १०० वर आला. तो बघत होता, मी बोललो नाही.

गळती कुठे आहे हे शोधायला भांडी घासायच्या साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश घ्या. आधी स्वतःच लावलेल्या बुचांच्या कडा, कारण निम्म्या वेळा तिथूनच सुटतं. मग इनटेकचे रबर आणि रीडच्या (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) चौकटीचं पॅकिंग, सिलिंडरच्या तळाचं पॅकिंग, हेडची कड, प्लगचं बूड, आणि क्रँककेसचे वरचे-खालचे दोन भाग जिथे जुळतात ती रेघ. एकेका जागी थांबून बघा. मोठी गळती लगेच फुगा काढते, पण बारीक गळतीचा फेस तयार व्हायला अर्धा मिनिट लागतो.

डाव्या सीलसाठी बाजूचं कव्हर काढून रोटर (अल्टरनेटरचा फिरता भाग) उतरवा आणि शाफ्टभोवती साबणपाणी सोडा. उजव्या सीलची युक्ती वेगळी. तिथे ब्रश पोचत नाही, गळलेली हवा गिअरबॉक्समध्ये जाते. म्हणून गिअर ऑइल भरायच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा आणि ब्रीदरचं (गिअरबॉक्सची हवा जायचं) भोक बोटाने दाबून धरा. पिशवी ताठ होऊ लागली की उजवं सील गेलेलं आहे.

भाच्याच्या गाडीत डाव्या शाफ्टभोवती पुरीच्या कडेला येतात तसे बारीक बुडबुडे आले. शिवाय उजव्या इनटेकच्या रबराला खालच्या बाजूने, जिथे कुणी वाकून बघत नाही, बोटभर चीर होती. कार्बोरेटर तीनदा साफ करणाऱ्यांनी तेच रबर तीनदा काढून घातलं असणार.

सील बदलताना

यासाठी इंजिन उतरवून क्रँककेस उघडावा. राजदूतचा क्रँककेस आडवा दोन भागांत उघडतो, त्यामुळे क्रँक आणि गिअर एकदम समोर दिसतात. दोन्ही बाजूंची सील एकदमच बदला. दुकानात "जुन्या स्टॉकचं ओरिजिनल" म्हणून जे पाकीट दाखवतात ते मी घेत नाही. तीस वर्षं पाकिटात पडलेलं रबरही म्हातारंच असतं. वायटन नावाच्या रबराची नवी सील मिळतात, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती टिकतात. शाफ्टवर गंजाची रेघ असेल तर बारीक पॉलिश पेपरला ऑइल लावून ती घालवा. नाहीतर नवं ओठही चार दिवसांत जाईल.

क्रँक हातात आलाच आहे तर तो सरळ आहे का तेही बघून घ्या. हा क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो. एकदा पिस्टन धरला की तो केसभर पिळला गेलेला असू शकतो. दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने मी तो ०.०३ मिलिमीटरच्या आत आणतो. हे काम ज्याचा हात बसलाय त्याच्याकडेच द्या. हातोड्याने क्रँक सरळ करणारी माणसं आहेत आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत, पण गेज न लावता "झाला सरळ" म्हणणाऱ्याकडून क्रँक परत घ्या. सीलच्या ओठाला टू-स्ट्रोक ऑइल लावून बसवा. क्रँककेसच्या जोडाला कागदी पॅकिंग नसतं, पातळ सीलंटचा एकसारखा हात पुरतो. जाड थापलंत तर जास्तीचं सीलंट आत जाऊन ऑइलच्या वाटा बुजवतं.

जोडून झाल्यावर चाचणी पुन्हा करा. याला फाटा देऊ नका.

ऑइल आणि पॉइंट

राजदूतमध्ये ऑटोल्युब पंप असतो, इंजिनला आपोआप ऑइल पुरवणारा. तो थ्रॉटलच्या केबलला जोडलेला असतो, म्हणून थ्रॉटल जितका उघडा आणि इंजिन जितक्या वेगात तितकं ऑइल. सहा वर्षं उभ्या गाडीच्या ऑइलच्या टाकीत खाली गाळ बसलेला असतो. टाकी उतरवून धुवा, नळ्या नव्या पारदर्शक घाला. पंपाचा ब्लीड स्क्रू ढिला करून ऑइल बुडबुड्याशिवाय येईपर्यंत वाहू द्या. त्यानंतरही पंपापासून इंजिनापर्यंतच्या बारीक नळ्यांत हवा राहते. ती जाईपर्यंत इंजिन पंपाच्या भरवशावर चालवायचं नाही. पहिल्या टाकीत दर लिटरला २५ मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा. धूर होईल, प्लग काळा होईल, होऊ द्या. आयडलला इंजिन चालू ठेवून पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरा. नळीतला शेवटचा बुडबुडा पुढे सरकत नाहीसा होताना दिसतो.

पॉइंटचं थोडक्यात. क्रँक १८० अंशांचा आहे, एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. त्यामुळे पॉइंटचे दोन सेट आहेत आणि दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं लावायचं. प्लगच्या भोकात डायल गेज घाला, पिस्टन सगळ्यात वर येण्याआधी २ मिलिमीटरवर पॉइंट उघडला पाहिजे. उघडला की नाही ते छोट्या बल्बने कळतं. नजरेने टायमिंग लावणारे खूप आहेत. गाडी त्यांच्यानेही चालते, पण डावा-उजवा फरक राहतो आणि मग दोघांपैकी एक पिस्टन जास्त तापतो.

प्लग वाचणं, हवा वाचणं

इथे मला ग्रां प्रीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये ही गाडी फरिदाबादमध्ये बनवायला घेतली तेव्हा जगात तिचा जमाना सरला होता. मूळ यामाहा आरडी ३५० ही १९७३ ची, आणि १९८३ पर्यंत यामाहाने पाण्याने थंड होणारी, एक्झॉस्टला पॉवर व्हॉल्व्ह असलेली आरडी बाजारात आणली होती. पण जुनी म्हणून आपली गाडी कमी कुळातली नाही. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४ मिलिमीटर. यामाहाच्या टीझेड ३५० या रेसिंग गाडीचंही माप तेच. १९८० मध्ये जॉन एकरोल्ड नावाच्या स्वाराने, कंपनीचा संघ पाठीशी नसताना, बिमोटा या इटालियन कंपनीच्या चौकटीत यामाहाचं हे जुळं इंजिन घालून ३५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. समोर कावासाकीवर आंतोन मांग होता आणि निकाल शेवटच्या शर्यतीत, नुर्बुर्गरिंगला लागला. मी वर्कशॉपमध्ये ६४ चा बोअर गेजने मोजतो तेव्हा मला एकरोल्ड आठवतो. विश्वविजेत्याचा मेकॅनिक जे माप घेत होता तेच माप मी साखळीत घेतोय, यात मला फार मोठं सुख आहे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली आणि रविवारी ५०० सीसीच्या शर्यती दिसू लागल्या. रेनी, श्वान्त्झ, मग सलग पाच वर्षं डूहन. चार सिलिंडरांची टू-स्ट्रोक वळणातून बाहेर पडताना मागचं चाक घसरत काळी रेघ ओढायची आणि तो कर्कश सूर टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधूनही अंगावर यायचा. २००१ मध्ये रोसीने ५०० सीसीचं शेवटचं विजेतेपद घेतलं, पुढच्या वर्षीपासून ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या. त्या रविवारी मी टीव्ही बंद करून बाहेर गाडीजवळ जाऊन बसलो होतो.

त्या लोकांकडून घ्यायची गोष्ट म्हणजे प्लग वाचायची शिस्त. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन एकदम बंद करायचं, क्लच दाबून घरंगळत थांबायचं आणि प्लग काढून बघायचा. आयडलवर परत आणून बंद केलेल्या इंजिनाचा प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो. आपण हे तिसऱ्या गिअरमध्ये करायचं, सहाव्यात नाही. तिसऱ्यात पूर्ण थ्रॉटल मिळतो आणि वेग आवाक्यात राहतो. भल्या पहाटेचा रिकामा सरळ रस्ता, शाळा-बाजार जवळ नको, मागे लक्ष ठेवायला दुसरा माणूस हवा. नवे पिस्टन घातले असतील तर पहिले ५०० किलोमीटर हा प्रयोग करूच नका.

आताच्या पेट्रोलने प्लगवर पूर्वीसारखा सुंदर चॉकलेटी रंग येत नाही. पांढरा भाग वरवर पांढराच दिसतो आणि माणसं घाबरून जेट वाढवतात. खरं उत्तर खोल असतं. पांढरी चिनी माती जिथे धातूत शिरते तिथे, अगदी बुडाशी, करड्या-तपकिरी रंगाचं कडं असतं. भिंगाने आणि टॉर्चने बघा. कडं नीट दिसलं तर बरं. कडंच नाही आणि मातीवर ॲल्युमिनियमचे चकाकणारे ठिपके दिसले तर तिथूनच गाडी ढकलत घरी आणा, पिस्टन वितळू लागलाय.

दुसरी शिस्त हवेची. थंड, कोरडी हवा दाट असते, तिला जास्त पेट्रोल लागतं. ग्रां प्रीचे मेकॅनिक सकाळ-दुपारच्या हवेनुसार जेट बदलायचे ते यासाठीच. आपल्याकडे मे महिन्यात लावलेला जेट डिसेंबरच्या पहाटे कमी पडतो. चोर्ला घाट चढून वर गेलात की हवा विरळ होते, गाडी थोडी जड, गुदमरल्यासारखी चालते. तिथे चांगली चालावी म्हणून जेट कमी केलात आणि तसेच खाली उतरलात, तर केरीपर्यंत पोचेस्तोवर मिश्रण पातळ झालेलं असेल. मी डिसेंबर-जानेवारीपुरता मेन जेट एक नंबर मोठा ठेवतो. पेट्रोल थोडं जास्त जातं, ते जाऊ दे.

सायलेन्सरला करवत लावू नका

तरुण मुलं आवाजासाठी आतली नळी कापतात किंवा भोकं पाडतात. त्यांना हे सांगायचंय. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर इंजिनाचाच एक भाग आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने हे शास्त्र पक्कं केलं. एक्झॉस्टमधून निघालेली दाबाची लाट पाइपच्या निमुळत्या होत जाणाऱ्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या विद्येवर १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीसाठी ५० सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं. ज्या पाइपच्या आकारासाठी माणसं देश सोडून गेली, तो आपण करवतीने कापायचा नसतो. काजळी जमली असेल तर आतली नळी काढून साफ करा, तळाला साचलेलं ऑइल ओतून टाका आणि आहे तसा बसवा.

आणि पुढच्या पावसाआधी

मेच्या शेवटी टाकी पूर्ण रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जून-जुलैच्या हवेत तर विचारूच नका. पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथून गंज सुरू होतो. टाकी रिकामी करून आत दोनशे मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल घाला, सगळ्या बाजूंनी फिरवा. कार्बोरेटरच्या वाट्या काढून कोरड्या करा. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, प्लग काढलेलेच ठेवून किक हाताने चार वेळा खाली न्या आणि मग प्लग लावा. सायलेन्सरची तोंडं ऑइल लावलेल्या फडक्याने बंद करा. ताडपत्री नको, ती ओल आत कोंडते. जुनं सुती लुगडं किंवा चादर बरी.

आणि दर पंधरा दिवसांनी, प्लग काढून, किक हाताने अर्धी खाली न्या. तेवढ्याने सीलचं ओठ शाफ्टवर नव्या जागी बसतं. पाच मिनिटांचं काम आहे. पेडण्याच्या त्या पडवीत सहा वर्षं कुणी एवढं केलं असतं तर क्रँककेस उघडावा लागला नसता.

भाच्याची गाडी दसऱ्याला पूजेत नव्हती, तिचं इंजिन तेव्हा माझ्या टेबलावर उघडं होतं. नवी सील, नवे रबर घालून दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा बुचं लावली. २६० पर्यंत त्यानेच फुगवलं. मिनिटाने काटा २५० वर होता. त्याने आणखी एक मिनिट थांबायला सांगितलं, म्हणून थांबलो. २४२. मग बुचं काढली, कार्बोरेटर बसवले, मिसळलेलं पेट्रोल घातलं. तिसऱ्या किकला डावा सिलिंडर आधी बोलला, मग उजवा, आणि थ्रॉटल सोडल्यावर आयडल खाली येऊन बसलं.